अंगात रक्त नाही

मराठी माणूस बोलताना रक्त फार सांडतो. आई मुलांसाठी रक्ताचं पाणी करते, सरकारी कचेरीत खेटे घालून आपलं रक्त आटतं, अन्यायाची बातमी वाचून ते खवळतं, सावकार ते शोषतो आणि जमिनीच्या दाव्यात रक्ताची माणसं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. पण तेच रक्त एखाद्या बाईच्या अंगात खरोखर कमी पडलं, की ही बोलकी भाषा भलतंच काही सांगायला लागते. ‘तिची प्रकृतीच तोळामासा.’ ‘ही पहिल्यापासूनच मंद.’ ‘जिना चढली की बसते. कामाचा कंटाळा, दुसरं काय!’ शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात ही वाक्यं येताजाता कानावर पडायची. आजार हा शब्द त्यांत कुठेच नसायचा.

गेल्या वर्षी वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेनं मला ॲनिमियावर पत्रक लिहून मागितलं. एक कागद, पाठपोट, सोप्या मराठीत. असली कामं मी बरीच वर्षं करते आहे. मधुमेह, लसीकरण, डेंग्यू यांची शीर्षकं सरळ असतात, तिथे डोकं खाजवावं लागत नाही. इथे पहिल्याच ओळीला गाडी अडली, कारण या दुखण्याला मराठीत नावं पुष्कळ आहेत आणि त्यातलं एकही धड बसेना.

‘रक्तक्षय’ हा परिभाषेतला शब्द. त्यात चूक काही नाही, पण ‘क्षय’ कानावर पडला की लोकांना टीबीच ऐकू येतो. त्यातून हे पुणं. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी याच शहरात क्षयानं गेल्या, ही गोष्ट इथे शाळेपासून ऐकलेली असते. वस्तीतल्या एका बैठकीत मी नुसतं ‘रक्तक्षय’ म्हटलं, तर शेजारच्या आजींनी पदर तोंडाला लावला आणि जरा लांब सरकून बसल्या. ‘रक्ताल्पता’ आणि ‘रक्तन्यूनता’ हे स्पर्धा परीक्षेला बसलेले शब्द, ते तिथेच बरे. ‘पांडुरोग’ जुना, भारदस्त. ‘ॲनिमिया’ दवाखान्यांच्या भिंतींवर रंगवलेला असतो म्हणून डोळ्यांच्या ओळखीचा. बोलताना त्याचा ‘निमिया’ होतो. ‘मला निमिया निघालाय,’ असं सांगतात. त्याहून रुळलेला शब्द म्हणजे ‘एचबी’, हिमोग्लोबिनचं लघुरूप. ‘माझं एचबी आठच आहे’ हे वाक्य पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीपासून कोथरूडच्या सोसायटीपर्यंत सारखंच चालतं. आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेलं, कुठल्याही बाईच्या तोंडून सहज निघणारं वाक्य: ‘अंगात रक्तच नाही.’

ते ऐकून संस्थेतल्या तरुण डॉक्टरीणबाई हसल्या. रक्तच नसतं तर ही इथवर चालत आली असती का, म्हणाल्या. पण ॲनिमिया या शब्दाचा मूळ अर्थ नेमका तोच आहे. ग्रीकमध्ये ‘हायमा’ म्हणजे रक्त आणि त्याच्याआधी लावलेला ‘अन्’ नकाराचा. आपल्या अनादि-अनंतातला ‘अन्’ आणि हा ‘अन्’ सख्खे भाऊ आहेत, एकाच जुन्या घराण्यातून आलेले. अनाइमिया, म्हणजे रक्तहीनता. अ‍ॅरिस्टॉटलनं याच मुळापासून प्राण्यांची वाटणी केली होती: एका बाजूला रक्ताचे, दुसऱ्या बाजूला बिनरक्ताचे. किडे, खेकडे, शिंपले हे सगळे बिनरक्ताच्या खात्यात, कारण त्यांना कापल्यावर लाल काही निघत नाही. माणसाच्या दुखण्याचं नाव म्हणून हा शब्द युरोपातल्या वैद्यकात स्थिरावला तो खूप पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, फ्रेंचमधून इंग्रजीत येत. तेव्हा ‘हिमोग्लोबिन’ हा शब्द जन्मालाही आला नव्हता. तो होपे-झायलर या जर्मन शास्त्रज्ञानं १८६४ मध्ये घडवला. म्हणजे रक्त कशानं लाल असतं आणि त्यातलं नेमकं काय कमी होतं, हे नीट कळण्याआधीच दुखण्याचं बारसं उरकलं होतं.

आणि तसं पाहिलं तर ‘रक्त नाही’ हे खरंही नसतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. जखमेतून भळाभळा गेलं तर गोष्ट वेगळी, पण महिनोन्‌महिने हळूहळू होणाऱ्या ॲनिमियात त्याचं एकूण माप फारसं उतरत नाही. तांबड्या पेशी आणि त्यांच्यातलं, लोहापासून बनणारं हिमोग्लोबिन घटतं, आणि तेवढी जागा रक्तातला पाणीदार भाग भरून काढतो. प्राणवायू वाहून नेणारे हमाल कमी झाले, की हृदय असलेल्या हमालांनाच जास्त पळवतं. म्हणून धडधडतं, धाप लागते, जिन्यात बसावं लागतं. रक्त असतंच, पण पातळ. मराठीत याला रक्ताचं पाणी होणं म्हणतात. आपल्या आयांनी कष्टांसाठी वापरलेला हा शब्दप्रयोग शास्त्राच्या दृष्टीनं ग्रीकांच्या शब्दापेक्षा सरस आहे, हे माझं मत मी संस्थेत मांडलं आणि ‘रक्ताचं पाणी’ हेच शीर्षक सुचवलं. ते संगीत नाटकाचं नाव वाटतं म्हणून नामंजूर झालं.

जुन्या लोकांकडे पेशी मोजायला काही नव्हतं. डोळे होते. त्यामुळे त्यांनी ठेवलेली नावं सगळी रंगावरून. पांडु म्हणजे फिकट, पिवळसर पांढरा. महाभारतात व्यासांचा अवतार बघून अंबालिका भीतीनं पांढरी पडली आणि तिच्या मुलाचं नाव पांडू झालं. आपला रोजचा ‘पांढरा’ही त्याच घरातला. (काळ्या दगडाच्या देवाला पांडुरंग का म्हणायचं, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. वारकऱ्यांना तो प्रश्न कधी पडलेला मी पाहिला नाही.) चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे आणि त्याच अध्यायात पुढे कामला, म्हणजे आपली कावीळ येते. पांढरं पडणं आणि पिवळं पडणं यांचं कुंपण तेव्हा एकच होतं. अथर्ववेदात तर एक सूक्त आहे ज्यात रोग्याचा पिवळेपणा, ‘हरिमा’, उचलून पोपटांमध्ये ठेवला आहे आणि रोग्याला तांबड्या गोधनाच्या रंगानं वेढून घेतलं आहे. पोपटांना विचारलं नसावं.

युरोपातल्या वैद्यांना हेच दुखणं हिरवं दिसलं. योहानेस लांगे नावाच्या वैद्यानं १५५४ मध्ये त्याला कुमारिकांचा रोग म्हटलं आणि उपाय सुचवला लग्नाचा. पुढे त्याला ‘क्लोरोसिस’ हे नाव मिळालं, तेही ग्रीकमधल्या हिरवट-पिवळ्या रंगावरून. ‘एकदा लग्न झालं की येईल सगळं ताळ्यावर’ हे वाक्य ही पेठांची मक्तेदारी नाही, एवढं यातून कळलं. लग्नानंतर बाळंतपणं येतात आणि एकेका गरोदरपणाला आईच्या शरीरातलं सुमारे एक ग्रॅम लोह लागतं, हा हिशोब लांगेपाशी नव्हता. पेठेतल्या वडीलधाऱ्यांपाशीही नव्हता.

गंमत अशी, की रंगावरून नाव ठेवणाऱ्या या सगळ्यांनी औषध मात्र बरोबर गाठलं होतं. चरकाच्या नवायस चूर्णात नऊ वनौषधी आणि त्यांच्या बरोबरीनं लोह. जुन्या लोखंडाच्या किटापासून केलेलं मंडूर. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सिडनहॅम नावाचा वैद्य लोखंडाचा कीस दारूत भिजवून द्यायचा. पुनर्नवा मंडूर आणि लोहासव अजूनही आपल्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत मिळतात, आणि सरकारी लाल गोळीतही लोहच असतं.

पण रंगाचं वेड गेलेलं नाही. एचबी कमी आलं की शेजारपाजारचे पहिलं नाव घेतात बिटाचं. मग डाळिंबाचं. लाल ते लाल करतं, असा सरळ हिशोब. बिटाचा लाल रंग हे निव्वळ झाडाचं रंगद्रव्य आहे, त्याचा लोहाशी काही संबंध नाही, आणि शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. चांगली भाजी आहे, जरूर खावी, कोशिंबीर उत्तम होते. पण बाळंतिणीला अळिवाचे लाडू घालणाऱ्या बाईला जास्त कळत होतं. अळीव लाल नसून तांबूस-करडे, तीळ पांढरे, बाजरी राखाडी, पालेभाज्या हिरव्या. कलेजी तेवढी लाल निघाली, आणि ती आमच्याकडे चालत नव्हती. वनस्पतींमधलं लोह शरीर नाखुशीनं घेतं. वर लिंबू पिळलं तर बऱ्यापैकी घेतं, जेवणावर लगेच चहा ओतला तर पुष्कळसं सोडून देतं. हे वाक्य पत्रकात आलं तेव्हा पुण्यात ते छापणं धाडसाचं आहे असं सगळ्यांचं मत पडलं. अमृततुल्यांच्या गावात चहाबद्दल वाईट बोलायचं म्हणजे! शेवटी ‘जेवणानंतर तासभर थांबून चहा’ अशी तडजोड झाली. लोखंडी कढईचा मुद्दा मात्र बायकांनी स्वतःहून काढला. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेली कढई अ‍ॅल्युमिनियम आल्यावर माळ्यावर गेली, असं एक जण म्हणाली. त्या कढईत आंबट काही शिजलं की लोखंड थोडंथोडं अन्नात उतरतं, हे खरं आहे, आणि आमटी काळपट होते म्हणून सासू ओरडायची हेही खरंच.

आता आत्याचं सांगायला हवं.

माझी आत्या पाटीवरची पेन्सिल खायची. लहानपणी आम्ही सगळेच कधी ना कधी ती चघळायचो, पण आत्याला ती लग्नानंतरही लागायची. भाच्यांच्या दप्तरातून पेन्सिली नाहीशा व्हायच्या. गरोदरपणात तिनं चुलीच्या पोतेऱ्याची माती खाल्ली, कुंडीतली खाल्ली, पहिल्या पावसाचा वास आला की ती अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहायची आणि आजी मागोमाग जाऊन तिला आत आणायची. घरात याला ‘घाणेरडी सवय’ म्हणत. डोहाळे म्हणून काही दिवस खपवून घेतलं, मग चेष्टा झाली, मग ते लपून चालू राहिलं. आत्या अतिशय गोरी होती, सगळे तिच्या रंगाचं कौतुक करायचे. आज तिचे फोटो बघताना तो गोरेपणा किती होता आणि पांढरेपणा किती, याचा अंदाज करत बसते. ओठांनाही रंग नाही.

पत्रकासाठी वाचताना चरकाचा तो अध्याय पाहिला आणि आत्या तिथे सापडली. चरकानं पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. वात, पित्त, कफ, तिन्ही एकत्र, आणि पाचवा: माती खाण्यानं होणारा, मृद्भक्षणजन्य. नुसतं एवढंच सांगून तो थांबत नाही. तुरट माती वात बिघडवते, खारट माती पित्त, गोड माती कफ, असं मातीच्या चवीवरून वर्गीकरण आहे. म्हणजे माती खाणारे रोगी त्यानं नुसते पाहिले नव्हते, कसली माती खाता हे त्यांना बसवून विचारलं होतं. पुढे तो म्हणतो, की अशा रोग्याच्या डोळ्यांभोवती, गालांवर, पायांवर सूज येते, कोठ्यात जंत होतात आणि रक्तमिश्रित शौचाला होतं.

आजचे डॉक्टर ही गोष्ट उलट्या टोकानं सांगतात. लोह कमी पडलं की माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ असलं काहीबाही खावंसं वाटतं, आणि लोह भरून निघालं की बहुतेकांची ती ओढ आपोआप जाते. माती खाल्ल्यानं पांडुरोग होतो की पांडुरोगानं माती खावीशी वाटते? दोन्ही चालू असतं, एकमेकांना धरून. काही प्रकारची माती पोटात लोहाला बांधून ठेवते आणि शरीराला मिळू देत नाही. आणि जंतांचं चरकानं म्हटलं तेही खोटं नाही. अंकुशकृमी आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्त पितात. त्यातल्या मोठ्या जातीचा एक कृमी दिवसाला ०.१५ ते ०.२५ मिलिलिटर रक्त घालवतो, आणि पोटात तो एकटा नसतो. १८८० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या पोटातून गॉटहार्डचा बोगदा खणणारे इटालियन मजूर पांढरेफटक पडून कोसळायला लागले, तेव्हा हे प्रकरण युरोपात गाजलं. हे कृमी बहुतेक वेळा तोंडातून येत नाहीत, अनवाणी पायाच्या कातड्यातून शिरतात. सरकारी शाळांत जंताची गोळी देतात ती याचसाठी, आणि ॲनिमियाच्या पत्रकात चपलेचं चित्र का, या प्रश्नाचं उत्तरही हेच.

आत्याला कुणी विचारलं असतं, तर पेन्सिल हीच तिची तपासणी होती. चरकानं विचारलं होतं. आमच्या वाड्यात विचारलं नाही.

याच जागी माझं पत्रक बदललं. ‘रक्त कमी आहे’ असं म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप ‘मग भरा’ असं येतं. बीट भरा, टॉनिक भरा, गोळ्या भरा, फारच झालं तर बाटली चढवा. ते गेलं कुठे, हे विचारायचं राहूनच जातं. आणि हा प्रश्न हिशोबाचा आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, बायकांत थोडं कमीच. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मेली की तिच्यातलं लोह शरीर टाकून देत नाही. आई जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची तसं ते पुन्हा नव्या पेशीत घालतं. रोज असं वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह फिरतं राहतं आणि अन्नातून फक्त एक-दोन मिलिग्रॅमची भर पडते. इतका काटकसरीचा संसार. एक मिलिलिटर रक्त बाहेर गेलं, की त्यातून साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. नेहमीच्या पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. ते ऐंशीच्या वर गेलं तर घरखर्च कधीच भागत नाही, मग कितीही अळीव खा.

आणि हे बायका सांगत नाहीत. ‘अंगावरून जातं’ हे वाक्य त्या किती हळू आवाजात म्हणतात हे ज्यांनी ऐकलं आहे त्यांना माहीत आहे. समोर पुरुष डॉक्टर असेल तर ते वाक्य ‘अशक्तपणा आहे’ असं होऊन बाहेर येतं. अशक्तपणावर ताकदीचं औषध मिळतं. बाई घरी येते, गोळ्या घेते, शी काळी होते, पोट गच्च होतं, आणि गोळ्या डब्यात राहतात. गरोदर असेल तर कुणीतरी सांगतं, की या गोळ्यांनी मूल काळं होतं. गर्भाशयातल्या गाठी, मूळव्याध, सतत घेतलेल्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी जठराला झालेली जखम, यांपैकी रक्त कुठून गळतंय हे त्या गोळीला ठाऊक नसतं. आपल्याकडे पांडुरोगावरचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून आहे. गोळ्यांचे रंग ठरलेले आहेत: लहान मुलांना गुलाबी, शाळा-कॉलेजच्या मुलामुलींना निळी, गरोदर बायकांना लाल. कार्यक्रम चांगला आहे, गोळीही चांगली आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये ॲनिमिया सापडला, आणि आधीच्या पाहणीत तो ५३ टक्के होता.

त्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व असतं, आणि ते तिथे आलं ते ‘गेलं कुठे’ हा प्रश्न धरून बसलेल्या एका बाईमुळे. लूसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरीब गरोदर बायका तेव्हा भयंकर ॲनिमियानं मरत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तांबड्या पेशी लहान दिसायच्या ऐवजी फुगलेल्या, मोठ्या दिसत. लोहाची कमतरता असती तर त्या लहान दिसल्या असत्या. तिनं या बायका काय खातात ते पाहिलं, तसाच आहार प्राण्यांना देऊन पाहिला, आणि शेवटी आजारी माकडाला मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा खारट अर्क, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो. माकड सुधारलं. बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमधलं ते काहीतरी बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखलं जात होतं. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि पानाच्या लॅटिन नावावरून फॉलिक ॲसिड झालं. मग अमेरिकेत लेडर्ली कंपनीत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं ते प्रयोगशाळेत तयार केलं. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी संप, टाळेबंदी, शाहिरी सगळं लिहिलं. माझ्या वाचनात आलेल्या पानांत लूसी विल्सला जागा नव्हती.

पुण्याचा स्वतःचा धडा बी-१२ या जीवनसत्त्वाचा आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेत आले आहेत. २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे पुरुष होते. त्यांतल्या दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं, आणि सगळ्यांत वाईट स्थिती मध्यमवर्गीयांची, ८१ टक्के. म्हणजे आमची. दूधदुभत्याच्या, साजूक तुपाच्या, ‘आमच्याकडे खाण्यापिण्याची कमी नाही’वाल्या घरांची. हे जीवनसत्त्व झाडपाल्यात नसतं, ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच येतं, आणि चहात पडणाऱ्या दुधानं ते पुरत नाही. बी-१२ कमी पडलं तरी तांबड्या पेशी फुगतात, फॉलिक ॲसिड कमी पडलं तरी फुगतात. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि बी-१२ विना चाललेली मज्जातंतूंची नासधूस झाकून राहते. हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं, आणि लोक म्हणतात वय झालं. आमच्या सोसायटीच्या बाकावर सकाळी बसणाऱ्या काकांमध्ये बी-१२ च्या इंजेक्शनांची हल्ली पावसापाण्याइतकी चर्चा असते. बायकोचं एचबी किती, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही. मी विचारून पाहिलं.

पत्रक छापून आलं. शीर्षक ठरलं होतं ‘अंगात रक्त कमी आहे?’ आणि आत सगळा भर गेलं कुठे यावर. मुखपृष्ठावर चित्रकारानं मोठं, रसरशीत, कापलेलं बीट काढलं होतं. दोन डाळिंबंही होती. बदलायला वेळ नाही, असं संस्थेनं सांगितलं.

दांडेकर पुलाजवळच्या एका वस्तीत ते वाटायला मी बरोबर गेले होते. डॉक्टरीणबाईंनी आकडे सांगितले: बाईचं एचबी बाराच्या वर हवं, गरोदर असेल तर अकराच्या, पुरुषाचं तेराच्या. मागून एक जण म्हणाली, “मॅडम, मालकांचं पण तपासायचं का?”

तपासायचं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चार पुरुषांत एकाला असतो. आणि पुरुषाच्या अंगात रक्त कमी असलं तर आम्ही जरा जास्तच खोलात जातो. त्यांना पाळी नाही, बाळंतपण नाही, मग रक्त गळतंय कुठून? दुर्बीण घालून जठर बघतो, आतडं बघतो, कॅन्सर तर नाही ना ते बघतो.

“मग आमचं का नाही बघत?”

डॉक्टरीणबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी तिला नाव विचारलं, किती दिवस जातं विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला यायला सांगितलं. दोन्ही बाजूंच्या आणखी काही जणी पुढे सरकल्या, म्हणून तो कार्यक्रम लांबला. पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी तिचं वाक्य शीर्षकाखाली जसंच्या तसं घातलं. मुखपृष्ठावर बीट आहेच.